टाकी सात

निशिगंधा गराटे मूळची पालीची. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणाऱ्या रस्त्यावर बाजारपेठ सरते, तिथे तिच्या वडिलांचं, आत्मारामांचं, वेल्डिंगचं दुकान आहे. खिडक्यांची ग्रिलं, अंगणाची फाटकं, टेम्पोचे उसवलेले पत्रे, असलं सगळं तिथे येतं. ठिणगीकडे बघू नको, डोळे जातील, असा ओरडा खातच ती मोठी झाली आणि तरी दुकानातून कधी हलली नाही. दहावीनंतर आईने, मथुराबाईंनी, शिवणाचा क्लास सुचवला. पोरीने रत्नागिरीला राहून इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला. कारखान्यात तापमान, दाब, पाण्याचा प्रवाह मोजणारी यंत्रं असतात. ती बसवायची आणि ती खोटं बोलायला लागली की दुरुस्त करायची, असं ते शिक्षण. पुढे खेडजवळ लोट्याच्या एका रसायन कारखान्यात तिला नोकरी लागली. कापडाच्या रंगांना लागणारं कच्चं रसायन तिथे तयार व्हायचं.

पालीहून लोट्याला रोज जाऊन-येऊन करणं शक्यच नव्हतं. कारखान्यातल्या संदेश आंब्रे नावाच्या ऑपरेटरने आपल्या घरची खोली देऊ केली. कारखान्यापासून जवळच्याच वाडीत त्याचं घर, आणि पडवीला लागून ही खोली, दार वेगळं. घरात तो, त्याची बायको ऋतिका आणि अंगणवाडीत जाणारी मुलगी दिशा. निशिगंधा त्याला संदेशदादा म्हणू लागली आणि ऋतिकाला वहिनी. सुरुवातीला ती डबा लावून होती. एक दिवस ऋतिकाने तो डबा उघडून आतली आमटी बघितली, झाकण लावलं आणि म्हणाली, "उद्यापासून आमच्यात जेव. पण ताटात टाकलंस तर परवापासून नाय." तेव्हापासून दोन्ही वेळचं जेवण त्यांच्यातच.

कारखान्यात तेव्हा एकच रड होती, अलार्मची. कंट्रोल रूममध्ये दिवसभर घंटी वाजायची. पाणी जरा कमी आलं की वाजली, तापमान जरा चढलं की वाजली, काही झालं नाही तरी वाजली. कंटाळून ऑपरेटर न बघताच बटण दाबून तिला गप्प करायचे. अशातच एकदा खरोखरचा व्हॉल्व अडकला आणि त्याचीही घंटी अशीच गप्प केली गेली. त्या वेळी थोडक्यात निभावलं. मग टेक्निकल मॅनेजर बेहेरे साहेबांनी पुण्याच्या एका कंपनीकडून नवी सिस्टिम आणली.

पुण्याचा माणूस येऊन शिकवून गेला. बहुतेकांनी जांभया दिल्या. निशिगंधा मात्र पहिल्या दिवसापासून प्रश्न विचारत राहिली, आणि तो परत गेला तेव्हा सगळं तिच्याच गळ्यात पडलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. नेहमीच्या डेटाबेसात माहिती रकान्यांत भरलेली असते. इथे तसं नव्हतं. कारखान्यातला प्रत्येक रिॲक्टर, प्रत्येक पंप, प्रत्येक टाकी ही एक सबंध वस्तू म्हणून आत ठेवायची. तिचं माप, तिचं आत्ताचं तापमान, ती कुणाला जोडलेली आहे, ती काय काय करू शकते, सगळं तिच्याजवळच. आणि प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या वर्गातली. सगळ्यांत वर भांडं. भांड्याच्या पोटात एकीकडे रिॲक्टर, एकीकडे साठवण टाकी. ह्या साठ्याच्या डोक्यावर दुसरा भाग बसवलेला, तो नियमांचा. अमुक झालं आणि तमुकही झालं, तर हे करा. रिॲक्टरच्या वर्गाला एक नियम लावला की त्यातल्या सगळ्या रिॲक्टरना तो आपसूक लागू.

"कुळाचारासारखं आहे," तिने ऑपरेटरना सांगितलं. "मूळ घरी जी रीत, तीच सगळ्या भावबंदांच्या घरी. एखाद्या घराने आपलं काही वेगळं ठेवलं, तर ते त्या घरापुरतं."

"म्हणजे कूळ," संदेश म्हणाला. "कूळ कायदा नाय ना लागणार? नायतर रिॲक्टर आमच्या नावावर करून द्यावा लागेल."

सगळे हसले, आणि त्या दिवसापासून कारखान्यात वर्ग हा शब्द मागे पडला. हा रिॲक्टरच्या कुळातला, ही टाकीच्या कुळातली, असंच लोक बोलू लागले.

आता नियम हवे होते, आणि ते माणसांच्या डोक्यात होते. शिफ्ट सुटल्यावर निशिगंधा एकेकाला धरून बसायची. शिफ्ट इनचार्ज अकबर परकार हे गुहागरकडचे, उमेदीची वर्षं जहाजाच्या इंजिन रूममध्ये काढलेले. तापमान चढायला लागलं की काय करायचं, असं तिने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "पयलं फीड बंद. आत माल जाणं थांबलं पायजे."

"नाय अकबरभाई," संदेश म्हणाला, "आधी पाणी पूर्ण सोडायचं. तुम्ही फीड बंद करत बसलात की तेवढ्यात ते चढतंय."

दोघांची चांगलीच जुंपली. दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी तिच्या लक्षात आलं की अकबरभाई मोठ्या रिॲक्टरांबद्दल बोलतायत आणि संदेश कोपऱ्यातल्या जुन्या, काचेचं अस्तर असलेल्या रिॲक्टरबद्दल, जिथे त्याने वर्षं काढली होती. तिने अकबरभाईंचा नियम सगळ्या कुळाला लावला, संदेशचा त्या एका रिॲक्टरला लावला, आणि दोन्ही एकदम पुढे आले तर संदेशचा वरचढ ठरेल असं ठेवलं. ते दोघांना दाखवलं तेव्हा अकबरभाई म्हणाले, "म्हंजे दोघंव खरे. बरं झालं गो पोरी, नायतर याने मला जन्मभर ऐकवलं असतं."

सिस्टिम चालू झाली आणि घंट्या थांबल्या. आता पडद्यावर मराठीत ओळ यायची: अमुक रिॲक्टरचं फीड बंद करा, आणि खाली कारण. कारण लिहून येतं हेच लोकांना सगळ्यात आवडलं. फार निकड झाली तर सिस्टिम स्वतःच फीड बंद करायची. एका पंपाचं बेअरिंग जाणार हे सिस्टिमने आधी सांगितलं आणि ते खरंच गेलेलं निघालं, तेव्हा तर तिच्यावर सगळ्यांचा विश्वासच बसला. मुंबई ऑफिसचे लोक आले तेव्हा बेहेरे साहेबांनी निशिगंधाला पुढे करून सगळं समजावून सांगायला लावलं. त्या दिवशी घरी फोन करून ती आईशी बराच वेळ बोलत होती. मथुराबाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण मुलगी खुशीत आहे एवढं कळलं.

विश्वास बसला तसा दुसराही बदल झाला. पूर्वी ऑपरेटर तासातासाला उठून प्लांटमध्ये फेरी मारायचे, पाइपला हात लावून बघायचे, वास घ्यायचे. आता पडद्यासमोर बसून भागत होतं. वरूनही हुकूम आला की सिस्टिम आहे तर दर शिफ्टला एक माणूस कमी चालेल. फेऱ्या अजूनच कमी झाल्या. निशिगंधाच्या ते नजरेत आलं होतं, पण त्यात तिला धोका दिसला नाही. सिस्टिम बघतेय, असंच तिलाही वाटायचं.

मग परदेशातली एक मोठी ऑर्डर आली. रिॲक्टर सगळे गुंतलेले, आणि शेवटच्या टप्प्याला जागा कमी पडायला लागली. आवाराच्या कडेला टाकी सात होती. तिच्यात पूर्वी तयार माल साठवायचे. त्या टाकीत आतून ढवळायचा पंखा बसवला, बाहेरून थंड पाणी खेळवायला कवच चढवलं, आणि अर्धवट झालेला माल तिच्यात सोडून तो पुरा करायचा, असं चालू झालं. निशिगंधा तिच्यावरचा तापमापक बघायला गेली आणि पंख्याचा आवाज ऐकून थबकली. ती तशीच बेहेरे साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, सातमध्ये रिॲक्शन चालू आहे. सिस्टिममध्ये ती टाकी आहे. टाकीच्या कुळाला फक्त भरून वाहण्याचे नियम आहेत. तिला रिॲक्टरमध्ये घ्यायला पाहिजे."

"मग घे."

"नुसतं नाव बदलून होणार नाही, सर. रिॲक्टर म्हटलं की त्याचे सगळे नियम लागणार. पाण्याचा प्रवाह मोजणारं मीटर हवं, दुसरा तापमापक हवा, वेळ आली तर माल खाली सोडायची लाइन हवी. तिथे यातलं काहीच नाही."

बेहेरे साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते वाईट माणूस नव्हते. सणाला प्लांटमधल्या प्रत्येकाच्या घरची चौकशी करायचे. ते म्हणाले, "आणि कागदोपत्री रिॲक्टर म्हटला की सरकारी परवानगी आली. ती मिळेस्तोवर ऑर्डर जाते. नावाला टाकीच राहू दे. हा माल गेला की आपण ते बंदच करणार आहोत."

कूळ बदलता येत नव्हतं, म्हणून निशिगंधाने त्या एका टाकीपुरता एक नियम लिहिला. तापमान ठरावीक आकड्याच्या वर गेलं की, टाकी सातचं पाणी तपासा. पण तिथला एकुलता एक तापमापक वर झाकणाजवळ होता आणि बाजूनेच वाफेची नळी गेलेली. वाफ चालू झाली की तो तापायचा आणि इशारा यायचा. माणूस धावत जायचा, आत सगळं ठीक असायचं. रोजचंच झालं. ऑपरेटर कुरकुरायला लागले, पुन्हा न बघता बटण दाबायला लागले. बेहेरे साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "तो नियम झोपवून ठेव. नाहीतर बाकीच्या इशाऱ्यांकडेही कोणी बघणार नाही."

ते म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हेच त्यातलं वाईट. तापमापक दुसरीकडे बसवायचा तर टाकी रिकामी करायला हवी होती, आणि टाकी रिकामी राहत नव्हती. तिने आपल्या लॉगिनने नियम बंद केला. घरी जेवताना संदेशला सांगितलं, "दादा, सातवर आता सिस्टिमची नजर नाही. तुम्हीच लक्ष ठेवा."

"बघतो मी," संदेश म्हणाला. "सिस्टिम नव्हती तेव्हा काय आम्ही मेलो काय?"

ऋतिकाने भात वाढता वाढता त्याला गप्प केलं. जेवायला बसून असलं बोलू नये म्हणाली.

घडलं ते भर दुपारी, दुसरी शिफ्ट नुकतीच आली होती तेव्हा. वीज क्षणभर गेली आणि आली, पण थंड पाण्याचे पंप परत सुरू झाले नाहीत. कंट्रोल रूममध्ये अकबरभाई, संदेश आणि आणखी एक ऑपरेटर होता. निशिगंधा एका सुट्या मीटरचं काम घेऊन कोपऱ्यात बसली होती. पडद्यावर ओळी उमटायला लागल्या. पहिल्या रिॲक्टरचं फीड बंद केलं, कारण थंड पाणी नाही. दुसऱ्याचं बंद केलं. कोपऱ्यातल्या जुन्या रिॲक्टरला वेगळी रीत होती, ती बरोबर पाळली गेली. सगळे श्वास रोखून बघत होते. जे जे करायचं ते सिस्टिमने एकामागून एक, न चुकता केलं, आणि शेवटी हिरव्या अक्षरांत ओळ आली: सर्व रिॲक्टर सुरक्षित.

अकबरभाईंनी खुर्चीला पाठ टेकली. "वा," ते म्हणाले.

निशिगंधालाही सुटल्यासारखं वाटलं. मग तिच्या तोंडून शब्द गेला, "सात?"

संदेशने तिच्याकडे बघितलं. काही बोलला नाही. हेल्मेट घातलं आणि दार ढकलून बाहेर पडला. ती काचेतून बघत राहिली. तो पळत नव्हता, भरभर चालत होता. टाकीजवळ पोचून त्याने हाताने पाण्याचा व्हॉल्व उघडायला घेतला असावा; आग विझवायच्या लाइनचं पाणी कवचात सोडायची तिथे एक सोय होती. तेवढ्यात टाकीचं झाकण उडालं. आवाज मोठा नव्हता, जाड कापड फाडल्यासारखा होता. पिवळा धूर आला आणि त्यात संदेश दिसेनासा झाला.

त्याला बाहेर काढलं अकबरभाईंनी. तेव्हा तो शुद्धीवर होता. ॲम्ब्युलन्समध्ये ऋतिका आणि तिचा दीर बसले, मुंबईच्या इस्पितळात नेलं. निशिगंधा दिशाला घेऊन घरी राहिली. मुलगी विचारायची बाबा कधी येणार, आणि ती काहीतरी सांगायची. संदेशने आठवडाही काढला नाही.

तेरावं व्हायच्या आत बेहेरे साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. त्यांचा आवाज बसलेला होता, दाढी वाढलेली.

"कारखाना निरीक्षक येतायत," ते म्हणाले. "सिस्टिम बघणार. तू एक कर. टाकी सात रिॲक्टरमध्ये घाल, मागची तारीख टाकून. तो नियम चालू दाखव. म्हणजे इशारा गेला होता असं दिसेल."

"आणि संदेशदादांनी तो बघितला नाही, असं दिसेल."

"तो गेला, निशिगंधा. त्याला आता काय फरक पडतो? त्याच्या बायकोला मिळायचं ते मिळेल, तो शब्द मी देतो. कारखाना बंद झाला तर एवढ्या घरांचं काय होईल, त्याचा विचार कर."

"मी नाही करणार, सर."

ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "नियम बंद केला तो तुझ्या लॉगिनने. मी तोंडी सांगितलं होतं. लेखी काही नाही. हे तुझ्या ध्यानात आहे ना?"

"आहे," ती म्हणाली.

कारखान्यातून ती चालतच वाडीवर आली. ऋतिका मागच्या दारी भांडी घासत होती. भेटायला आलेल्या बायका निघून गेल्या होत्या. निशिगंधा पायरीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. टाकीचं, नियमाचं, तो आपण बंद केला त्याचं, साहेब आता काय करायला सांगतायत त्याचं. आणि आपण सात म्हटलं, म्हणून तो उठून गेला, हेही. ते सांगायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला.

ऋतिकाने हातातलं पातेलं विसळून पालथं घातलं.

"तू म्हटलं नसतंस तर?"

"तर बहुतेक टाकी तशीच उडाली असती. तिथे कोणी नसतं."

"तुला माहीत होतं ना, तिथे काय आहे ते?"

"होतं."

"आणि त्यालाच बघायला सांगितलंस. माझ्यासमोर. मी भात वाढत होते."

ऋतिकाने पदराला हात पुसले. ती रडली नाही. म्हणाली, "हे सगळं त्या निरीक्षकाला सांग. जसंच्या तसं, तुझं पण. नाहीतर उद्या दिशा शाळेत जाईल तेव्हा लोक म्हणतील, हिचा बाप झोपला होता म्हणून मेला. आणि खोली रिकामी कर. मी तुला रोज बघू नाय शकत."

दुसऱ्या दिवशी निशिगंधाने बॅग भरली. दिशाने ती कुठे चाललीय म्हणून विचारलं. गावी, असं ती म्हणाली.

निरीक्षक कमी बोलणारे, शांत गृहस्थ होते. तिने त्यांना संगणकासमोर बसवून दाखवलं: हे भांड्यांचं कूळ, हे रिॲक्टर, ही टाकी, हा नियम, ही तो बंद केल्याची नोंद, हे माझं नाव. मागची तारीख कुठेच घातलेली नव्हती. साहेबांनी त्यासाठी पुण्याच्या कंपनीला विचारलं होतं, पण ती नाही म्हणाली, असं नंतर कानावर आलं. निरीक्षकांनी विचारलं, "नियम बंद करायला कोणी सांगितलं?" तिने सांगितलं. बेहेरे साहेबांनी आपण तसं म्हटल्याचं नाकारलं. अकबरभाईंना विचारलं, तेव्हा ते जमिनीकडे बघत म्हणाले, "सिस्टिममधलं मला काय कळत नाय." ह्याच माणसाने तिच्याबरोबर बसून निम्मे नियम लिहून घेतले होते. त्या संध्याकाळी कंपनीच्या बसच्या थांब्यावर ते तिच्याजवळ आले. संदेशला बाहेर काढताना भाजलेल्या हातांना अजून पट्ट्या होत्या.

"पोरी, आमच्या रेहानला गेल्या महिन्यातच इथे लावलाय," ते म्हणाले. "त्याची आई सुरय्या आजारी असते."

"कळलं, अकबरभाई," ती म्हणाली. तिला खरंच कळलं होतं, म्हणून राग धरायलाही काही उरलं नाही.

खटला उभा राहिला. आरोपींत कंपनीचे मालक, बेहेरे साहेब आणि निशिगंधा गराटे. तिघांत नोकरी गेली ती तिची. बेहेरे साहेबांना दुसऱ्या राज्यात काम मिळालं. तारखेला येतात, तेव्हा म्हातारे दिसतात. कारखाना काही दिवस बंद राहून पुन्हा सुरू झाला. टाकी सात कापून नेली. सिस्टिमही काढून टाकली, कारण तिचं नाव घेतलं की वकिलांना भीती वाटायची. रेहान परकार त्याच कंट्रोल रूममध्ये बसतो आणि तिथे परत घंट्या वाजतात, असं कुणाकुणाकडून कळतं.

निशिगंधा पालीला आली. केस चालू आहे म्हटल्यावर दुसऱ्या कुठल्या कारखान्याने तिला दारात उभं केलं नाही. वडिलांच्या दुकानाच्या एका बाजूला ती आता विहिरींच्या पंपांचे स्टार्टर आणि मोटारी दुरुस्त करते. काम चोख असतं, लोक येतात. मथुराबाई लग्नाचं बोलायच्या थांबल्या आहेत. सुरुवातीला रात्री मुलगी जागी असते हे त्यांना कळायचं, पण काय विचारायचं ते कळायचं नाही. आत्मारामांनी एकदाच विचारलं, "तू सांगितलंस ते खरं सांगितलंस ना?" ती हो म्हणाली. "मग झालं," ते म्हणाले, आणि चष्मा लावून परत कामाला बसले. पण ते तेवढ्याने होत नाही, हे त्यांनाही ठाऊक असावं, कारण त्यानंतर दर तारखेला ते तिला स्टँडवर सोडायला येऊ लागले.

खेडच्या कोर्टात तारखा पडत राहतात. ऋतिकाही येते. तिला कंपनीकडून जे मिळायचं ते अडून आहे, कारण कंपनीचे वकील म्हणतात, ऑपरेटर परवानगीशिवाय तिथे गेला, स्वतःच्या हलगर्जीपणाने. दोघी व्हरांड्यात वेगवेगळ्या बाकांवर बसतात. बरेच महिने त्या एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. निशिगंधा तिच्याकडे बघायचं टाळायची आणि ऋतिका समोरच्या भिंतीकडे बघत राहायची.

गेल्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. पुकारा न होताच पुढची तारीख मिळाली आणि लोक उठून चालू लागले. निशिगंधा पायऱ्या उतरत होती, तेव्हा मागून ऋतिका म्हणाली, "थांब जरा."

ती थांबली. ऋतिका जवळ आली. अंगाने अर्धी झाली होती, केस पुढून पिकले होते.

"तो टाकीकडे गेला तेव्हा घाबरला होता काय?"

"नाही, वहिनी."

"इस्पितळात मी विचारलं होतं. त्याला बोलता येत नव्हतं. मग कसा होता?"

निशिगंधाने विचार केला. ह्या एका गोष्टीचा तिने इतक्या वेळा विचार केला होता की खरं काय आणि आपण नंतर घातलेलं काय, हे वेगळं करावं लागत होतं.

"चिडले होते," ती म्हणाली. "माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता गेले."

"तुझ्यावर चिडला होता?"

"असतील. मला माहीत नाही."

ऋतिकाने मान हलवली. "चिडला की बोलायचाच नाय तो," ती म्हणाली. "दोन-दोन दिवस बोलायचा नाय."

ऋतिकाच्या वाडीकडची गाडी समोरच्या स्टँडवर लागली असल्याचं कोणीतरी ओरडून सांगितलं. तिने खांद्यावरची पिशवी सावरली.

"दिशा पहिलीत गेली," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता निघाली. निशिगंधा तिची गाडी सुटेपर्यंत तिथेच थांबली, मग आपली गाडी बघायला स्टँडच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागली.